बार्शीचा महेबूब आणि लाल बावटा

होतकरू गायक-वादकांचा बँड, त्यांची भांडणं, स्टार होण्याची धडपड... अशी एक चित्रकादंबरी सध्या आमच्या नाशिकच्या शाळेत हातोहात फिरतेय. चांगली आहे. पण असा एक 'बँड' महाराष्ट्रातही होऊन गेला आणि त्याचा बुलंद आवाज आपल्यातलाच होता, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नाही.

महेबूब हुसेन पटेल. जन्म १९१६, बार्शी. लोकगीतं मिळाली ती आई मुनेरबीकडून, मराठीतच. (मराठी आपली की परकी, असं विचारणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संपाचा पुढारी म्हणून विसापूरचा तुरुंग. तिथून पुढे कोल्हापूरला, मास्टर विनायकांच्या स्टुडिओत. गळा होता, रुबाब होता, सिनेमाचं दारही समोर होतं. तिथे मित्रांनी त्याचं नाव ठेवलं अमर शेख.

या नावाजवळ मी नेहमी अडखळतो. त्याच सुमारास युसूफ खान पडद्यावर दिलीपकुमार होत होते. पटेल आडनाव तर कुठल्याही धर्मात खपलं असतं! याने ते सोडलं आणि 'शेख' घेऊन मराठी माणसापुढे उभा राहिला. मराठी माणसानेही त्याला 'शाहीर अमर शेख' म्हणून डोक्यावर घेतलं.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. गिरणगावातल्या चाळी, कामगारांच्या सभा, हेच यांचं थिएटर. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी लोकनाट्याची वाट काढली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर या शाहिरांशिवाय सभा रंगत नसे. लोक पुढाऱ्याआधी डफाची वाट पाहत.

सिनेमा अगदीच सुटला नाही. 'महात्मा फुले' आणि 'प्रपंच'मध्ये अमर शेखांनी भूमिका केल्या. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रहही आले. पण लोकांना ते आठवतात ते डफ घेऊन उभे असलेले.

१८ जुलै १९६९ला अण्णाभाऊ गेले. पुढे दीड महिनाही झाला नव्हता, २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेखही गेले.