प्रमाण कोणाचे?

‘प्रमाण’ या एकाच शब्दात मात्रा, मापदंड आणि पुरावा हे तिन्ही अर्थ नांदतात. लॉस एंजेलिसच्या हवेतील शिशाचा इतिहास वाचताना आम्हांला हा शब्द वारंवार आठवत राहिला.

जून १९६१ ते मे १९६२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सिनसिनाटी, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस येथील हवा तपासली. रीत साधी होती. मोजून घेतलेली हवा गाळणीतून ओढायची, तीवर साचलेल्या धुळीतले शिसे मोजायचे आणि हवेच्या घनफळाने भागायचे. सर्वाधिक सरासरी लॉस एंजेलिसची निघाली : घनमीटरला सुमारे २.५ मायक्रोग्रॅम. शिसे येत होते ते मुख्यतः मोटारींच्या धुरातून. पेट्रोलमध्ये ते १९२३पासून मिसळले जात होते.

पण २.५ म्हणजे थोडे की फार? हे ठरवण्याचा मापदंड त्या काळी रॉबर्ट केहो यांच्या हाती होता, आणि त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा शिसेमिश्रित पेट्रोलच्या उद्योगाकडून मिळत असे. शरीरात थोडे शिसे असणे स्वाभाविकच, असे ते म्हणत. आधार म्हणून त्यांनी मोटारींपासून दूर राहणारे मेक्सिकोतील खेडूत तपासले होते. हे खेडूत शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून जेवत, ही बाब त्या निष्कर्षात झाकलीच गेली.

खरा छेद दिला तो एका भूरसायनशास्त्रज्ञाने. लॉस एंजेलिसला लागूनच असलेल्या पॅसाडेना येथील क्लेअर पॅटरसन उल्कापाषाणातील शिशावरून पृथ्वीचे वय काढत होते. पाणी, आम्ल, काचपात्रे, खोलीतली धूळ, सगळीकडून परके शिसे नमुन्यात उतरे. ते हटवण्यात वर्षे गेली. १९५६ साली ४५५ कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. मोजणाऱ्याची खोलीच मळलेली असेल तर मोजमापाला अर्थ काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असणार? १९६५च्या निबंधात त्यांनी ‘नेहमीचे’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द एकमेकांपासून सोडवले. सर्वांच्या अंगी आढळते म्हणून ते निसर्गदत्त ठरत नाही; अमेरिकी माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे, असा त्यांचा हिशेब होता. शब्दार्थाचा असा काटेकोर विवेक आम्हांला समीक्षेतही क्वचितच आढळतो.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २००९ साली हवेतील शिशाची वार्षिक मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम ठरली. लॉस एंजेलिसची ती सरासरी तिच्या पाचपट होती.