कापूस, कर्ज आणि सत्ता : खामगाव व इजिप्त यांचा तौलनिक परामर्श

प्रस्तावना

अरब देशांतील राजकारणाचे विवेचन करताना धर्म, टोळीनिष्ठा व खनिज तेल या घटकांवरच बहुधा भर दिला जातो. इजिप्तच्या बाबतीत हे विवेचन अपुरे ठरते, कारण आधुनिक इजिप्तच्या जडणघडणीत कापसाचा वाटा फार मोठा आहे. त्याच कापसाने वऱ्हाडातील खामगावचेही भवितव्य घडविले. प्रस्तुत लेखात या दोन प्रदेशांच्या इतिहासाचा तौलनिक परामर्श घेतला आहे.

बाजारपेठेचा उदय

अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वी (१८६१-६५) ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून येत असे. युद्धामुळे हा पुरवठा खुंटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी इजिप्त व वऱ्हाडकडे वळली. इजिप्तमध्ये महंमद अलीच्या कारकिर्दीत लांब धाग्याच्या कापसाची व कालव्यांची पायाभरणी झालेली होती. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा व कोरडवाहू. तथापि मागणीच्या लाटेत त्यालाही भाव आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-युरोप सागरी अंतर बरेच घटले. लगेच १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन झाले. अशा रीतीने खामगावचा कापूस इजिप्तच्या भूमीतून खोदलेल्या मार्गाने युरोपकडे जाऊ लागला.

कर्जातून आलेली सत्ता

दोन्ही प्रदेशांतील ब्रिटिश सत्तेच्या मुळाशी कर्ज होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. हैदराबाद कंटिन्जन्ट फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामावर दाखवून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे घेण्यात आला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपये खंडाने तो कायमच्या पट्ट्यात रूपांतरित झाला. इजिप्तमध्ये खेदिव इस्माईलने कापसाच्या तेजीच्या भरवशावर कर्जे काढली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्जाचा आकडा मात्र वाढतच राहिला. १८७५ मध्ये सुएझचे समभाग ब्रिटनला विकावे लागले, १८७६ मध्ये राज्य दिवाळखोर ठरले आणि धनको राष्ट्रांचे नियंत्रण बसले. त्याविरुद्ध अहमद उराबी यांच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव १८८२ मध्ये तेल-एल-केबीरच्या लढाईत मोडून काढण्यात आला. या मोहिमेत हिंदी पलटणी होत्या आणि तिच्या खर्चाचा काही भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. एका अंकित देशाच्या पैशाने दुसरा देश अंकित करण्यात आला.

समाजरचनेतील भेद

साम्याबरोबर भेदही ध्यानात घेणे आवश्यक आहे. इजिप्तमध्ये कापसाबरोबर मोठ्या जमीनदारांचा वर्ग बळावला. फेल्लाह म्हणजे तेथील शेतकरी त्याच्या वर्चस्वाखाली गेला. म्हणूनच १९५२ च्या क्रांतीनंतर त्याच वर्षी जमीनधारणेवर २०० फेद्दानांची मर्यादा घालण्यात आली. वऱ्हाडात रयतवारीमुळे खातेदार कायद्याने जमिनीचा धारक राहिला. मात्र तो सावकाराच्या वहीत अडकला. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला धान्यासाठी तडफडावे लागले, हे या विकासाचे खरे मोल होते.

व्यापाऱ्यांच्या पकडीतून उत्पादकाची सुटका करण्याचा उपायही दोन्हीकडे सारखाच योजिला गेला. इजिप्तने १९६१ पासून कापूस व्यापार राज्याकडे घेतला. महाराष्ट्रात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढे दोन्ही व्यवस्था मोडीत निघाल्या.

निष्कर्ष

अरब समाज समजून घेताना त्याला सर्वस्वी परका मानण्याचे कारण नाही. भाव दूरच्या बाजारात ठरावा, कर्ज गावात राहावे आणि त्या कर्जाच्या निमित्ताने सत्ता बदलावी, हा अनुभव वऱ्हाडला परिचित आहे. नाईलकाठच्या राजकीय असंतोषाचा अर्थ लावण्यासाठी खामगावच्या बाजारपेठेचा इतिहास म्हणूनच उपयुक्त ठरतो.