अण्णाआजोबांचा विळा

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मागच्या महिन्यात गावचं घर आवरायला गेलो होतो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. घरच्या मंडळींपैकी काहीजण हे वाचतात, त्यामुळे लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी लिहायचं ठरवलं. रागावलात तर फोन करा.

अण्णाआजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आमच्याकडे त्यांच्याबद्दल फार कुणी बोलत नसे. मागच्या पडवीत त्यांची खाट, वेगळं ताट, वेगळी कपबशी. त्यांच्या हाताची बोटं आत वळलेली होती आणि दोन तर अर्धीच होती. "रोगानं खाल्ली" एवढंच आजी सांगायची. रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे. रक्तपिती हा शब्द मी पहिल्यांदा शेजाऱ्यांकडून ऐकला.

"रोगानं बोटं खाल्ली" हे मी कितीतरी वर्षं खरं मानत होतो. जगातले भले भले डॉक्टरही मानत होते म्हणा! ते खोटं ठरलं तमिळनाडूतल्या वेल्लोरला. आणि मला गंमत वाटते ती याची, की त्यात प्रयोगशाळेइतकाच एका सुतारशाळेचा हात होता.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. (जन्म इकडचाच, १९१४ साली कोल्ली डोंगरातला. आणि डॉक्टर होण्याआधी हा माणूस काही वर्षं बांधकाम आणि सुतारकाम शिकला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) कुष्ठरोगात नसा मरतात, काही स्नायू लुळे पडतात आणि बोटं आकसून पंजा होतो. ब्रँडनी चांगल्या स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडून ती बोटं सरळ करायला सुरुवात केली. नुसतं जोडून भागत नाही. जो स्नायू आजवर एक काम करत होता, त्याला दुसरं काम शिकवावं लागतं. मग आठवडेच्या आठवडे व्यायाम, मूठ मिटा, उघडा, वस्तू उचला.

एवढं सगळं करून हात उघडला, आणि पेशंट काही दिवसांनी परत आला तो तक्रार घेऊन. या हातांनी भीक मिळत नाही! वाकडी बोटं बघून लोक पैसे टाकायचे, सरळ बोटांना कोण देणार? काम मागावं तर डागांकडे बघून दारात उभं करत नाहीत. म्हणजे डॉक्टरांनी हात दिला आणि पोट काढून घेतलं.

यातून पुढे कॉलेजच्या आवारात साध्या झोपड्यांची एक छोटी वस्ती उभी राहिली, 'नवजीवन केंद्र' म्हणू तिला. शस्त्रक्रिया झालेली पोरं तिथे राहायची आणि लाकडी खेळणी वगैरे बनवायला शिकायची. शिकवायला ब्रँड स्वतः. सुतारकाम असं उपयोगी पडलं.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. काम सुरू झालं तशा हातांना जखमा व्हायला लागल्या. नव्या, कुठून आल्या ते न कळणाऱ्या. मग ब्रँड आणि पोरं मिळून पोलिसांसारखे तपासाला लागले. रोज हात बघायचे, जखम दिसली की कालपासून काय काय केलं ते आठवायचं. उत्तरं सापडत गेली. हातोडीच्या दांड्याची कुसळं. उकळत्या चहाचा पेला. एकदा गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडेना, तर एका लहान पोरानं किल्ली सहज फिरवली. फिरवली खरी, पण बोट हाडापर्यंत कापलं आणि त्याला पत्ताच नाही. दुखलं की आपण पकड सैल करतो, त्याला दुखतच नव्हतं. रात्रीत बोटाचा तुकडा गायब व्हायचा, त्याचा छडा लावायला पहारा ठेवला तर उंदीर निघाले. तेव्हापासून घरी जाणाऱ्याला मांजर देऊ लागले!

म्हणजे बोटं रोग खात नव्हता. वेदना गेल्यामुळे माणूस रोजच्या कामात ती थोडी थोडी गमावत होता. यावर काम बंद करणं हा एक उपाय झाला. त्यांनी तो केला नाही, अवजारं बदलली. मुठी गुळगुळीत केल्या, जाड केल्या, म्हणजे दाब एका जागी न येता तळहातभर पसरतो.

आपल्याकडेही कामाचं महत्त्व ओळखणारे होतेच. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ सालीच कुष्ठधाम काढलं होतं. वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ साली आनंदवन सुरू केलं, खडकाळ रानात विहीर खणण्यापासून. पुढे तिथे अपंगांसाठी संधिनिकेतनही उभं राहिलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी काय नवीन सांगणार. आमच्या गावाहून वरोरा एसटीनं एका दिवसात होत असे. अण्णाआजोबांना कुणी नेलं नाही, एवढं मात्र सांगतो.

आमच्याकडे काय झालं? अण्णाआजोबा शेतावर गवत कापायचे. एकदा हात चांगलाच कापला, चिघळला. मग आजोबांनी फर्मान काढलं, याला आता कामाला लावायचं नाही, बसून खाऊ दे. सगळ्यांना ते मायेचं वाटलं. मायेचंच होतं. त्यानंतर चौदा वर्षं ते पडवीत बसून होते.

परवा माळ्यावर त्यांचा विळा सापडला. मुठीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, घट्ट, थरावर थर, वर सुतळी. लहानपणी आम्हाला सांगायचे, त्याला हात लावू नका, ओळखू यावा म्हणून त्यांनी चिंध्या बांधल्यात. मीही तसंच समजत होतो. या वेळी मूठ हातात धरून बघितली. मऊ होती, जाड होती, तळहातात भरून बसत होती. वळलेल्या बोटांना सुतळी कशी बांधता आली असेल, देव जाणे. दातानं ओढली असावी.

विळा चुलतभावाला दिला, त्याची अजून शेती आहे. रविवारी फोन केला तेव्हा सहज विचारलं. पातं अजून चांगलं आहे म्हणाला, चिंध्या तेवढ्या काढून जाळल्या.