नौकेच्या तळातील छिद्र

भूमीवरच्या घरातील शौचकूप आणि क्रीडानौकेच्या कोपऱ्यात, जेमतेम गुडघे मावतील एवढ्या जागेत बसविलेले शौचकूप, ही एकाच जातीची यंत्रे असावीत असा समज दोन्हींच्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांकडे पाहून सहज होतो; परंतु हा समज उराशी बाळगून जो पाहुणा नौकेवर पाऊल ठेवतो त्याच्या हातून पहिल्याच दिवशी काही ना काही अनर्थ घडतो, आणि तो निस्तरणे यजमानाच्या वाट्याला येते. घरात टाकीतले पाणी वरून पडते, मैल्याला घेऊन खाली जाते, आणि पुढची सारी तजवीज गुरुत्वाकर्षण व नगरपालिका या दोघांवर सोपवून गृहस्थ मोकळा होतो. नौकेवर या दोघांचाही आधार नाही. तेथे भांडे बहुधा बाहेरच्या जलपातळीच्या खालीच बसलेले असते, म्हणजे ज्या समुद्रात मैला सोडावयाचा तो समुद्रच भांड्याच्या वर असतो. म्हणून मैला रेटून चढवावा लागतो, धुण्याचे पाणी ओढून घ्यावे लागते, आणि या दोन कामांसाठी नौकेच्या तळाला दोन छिद्रे पाडावी लागतात. या यंत्राचा इतिहास पाहू गेल्यास त्याचे दोन खंड पडतात: पहिल्या प्रदीर्घ खंडात माणसाची सारी बुद्धी समुद्राला आत येऊ न देण्यात खर्ची पडली, आणि दुसऱ्या, अगदी अलीकडच्या खंडात, मैल्याला बाहेर जाऊ न देण्यात.

शिडाच्या जहाजांच्या काळात हा प्रश्न तळाला हात न लावताच सोडविला जाई. युरोपीय युद्धनौकांच्या नाळेपुढे एक जाळीदार सज्जा निघालेला असे, त्यावर भोके पाडलेली आसने असत, आणि खलाशांचे प्रातर्विधी तेथे उघड्यावर, खाली फेसाळत्या लाटा असताना उरकत. ही जागा निवडण्यात मोठेच शहाणपण होते. चौकोनी शिडांचे जहाज बहुतकरून पाठीमागच्या वाऱ्यावर चाले, त्यामुळे दुर्गंधी जहाजावर न येता पुढे निघून जाई. आणि नाळेवर आदळणारी प्रत्येक लाट तो सज्जा धुऊन काढी, म्हणजे सफाईगार आणि पाणी या दोन्ही गोष्टी समुद्रच पुरवी. स्टॉकहोमच्या बंदरात 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेले आणि 1961 मध्ये वर काढलेले ‘वासा’ हे स्वीडिश जहाज आज संग्रहालयात उभे आहे. त्याच्या नाळेवरही अशी पेटीवजा आसने आहेत. ट्रफाल्गारच्या संग्रामात नेल्सनचे निशाण मिरविणाऱ्या ‘व्हिक्टरी’वर आठशेच्या घरात माणसे होती, आणि नाळेवरची आसने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. वादळात तेथे जाऊन बसणे हे शौर्याचेच कृत्य म्हटले पाहिजे, मात्र त्याबद्दल कोणास पदक मिळाल्याचे ऐकिवात नाही. कप्तान आणि बडे अंमलदार यांची सोय पिछाडीस, त्यांच्या दालनांना लागून असलेल्या नक्षीदार सज्जांत केलेली असे. जहाजावरचा दर्जा माणूस कोठे बसतो यावरून ओळखता येई, तो या अर्थानेही. ‘डाव’ नावाच्या अरबी गलबतांवर हीच युक्ती उलट टोकाला, पिछाडीच्या कडेला बाहेर टांगलेल्या लाकडी खोक्याच्या रूपाने आढळे, आणि तेथेही तळाला छिद्र नव्हतेच.

केवळ मौजेखातर नौका बाळगण्याची चाल इंग्लंडात रूढ झाली ती दुसऱ्या चार्ल्स राजापासून. 1660 साली तो वनवासातून परतून गादीवर आला तेव्हा डच लोकांनी त्याला ‘मेरी’ नावाची एक सुबक नौका नजर केली, आणि राजाचा छंद तो सरदारांचा छंद या न्यायाने अशा नौकांची संख्या वाढत गेली. परंतु छोट्या नौकेला ना नाळेवरचा प्रशस्त सज्जा, ना पिछाडीचे दालन. तेथे बादली हेच शौचकूप, आणि ती समुद्रात पालथी करणे हीच मलनिःसारणव्यवस्था. बादलीची निंदा करण्याचे कारण नाही. तिला झडप नाही, नळी नाही, आणि ती नौका बुडवीत नाही. आजही कित्येक जुने दर्यावर्दी तिच्याशी एकनिष्ठ आहेत.

दरम्यान जमिनीवर सुधारणा चालल्या होत्या. एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने 1596 साली पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाची कल्पना एका विनोदी ग्रंथात मांडली, आणि दरबाराने विनोद तेवढा घेऊन यंत्र बाजूला ठेवले. पुढे जवळजवळ दोन शतकांनी, 1775 मध्ये, अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने वळणाच्या नळीत पाणी साचवून दुर्गंधी अडविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. आणि 1778 मध्ये जोसेफ ब्रामा या कुलुपे करणाऱ्या कारागिराने बिजागरीवर फिरणाऱ्या झडपेचे. घरांत अखेर कमिंगचे वळण टिकले. नौकेच्या दृष्टीने मात्र ब्रामाची दिशा खरी होती, कारण साचलेले पाणी दार म्हणून तेथेच उपयोगी पडते जेथे जमीन स्थिर असते. जी नौका घटकेत डावीकडे आणि घटकेत उजवीकडे कलते तिच्यात असे पाणी जागच्या जागी राहीलच याचा भरवसा नाही, आणि दाराचे काम झडपेनेच करावे लागते.

एकोणिसाव्या शतकात धनिकांच्या क्रीडानौका मोठ्या झाल्या, त्यांवर स्त्रिया, पाहुणे आणि आचारी यांचा वावर वाढला, आणि बादलीचा संकोच वाटू लागला. अमेरिकेत कनेक्टिकटमधील मिडलटाउन येथील विल्कॉक्स-क्रिटेंडेन आणि इंग्लंडात गॉस्पोर्ट येथील ब्लेक या कारखान्यांनी कांशाचे पंप आणि चिनी मातीची भांडी यांची जोडणी करून जी शौचकूपे घडविली ती इतकी दणकट निघाली, की नौका मोडीत निघाली तरी शौचकूप काढून दुसरीवर बसवावे. आजच्या प्लास्टिकच्या यंत्रांशी त्यांची तुलना न केलेली बरी.

या यंत्राची चाल एकदा नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. प्रथम तळाजवळच्या दोन्ही तोट्या उघडावयाच्या: एक समुद्राचे पाणी आत घेणारी, सुमारे पाऊण इंची नळीची, आणि दुसरी मैला बाहेर टाकणारी, दीड इंची नळीची. मग पंपाच्या डोक्यावरचा छोटा खटका ‘ओल्या’ बाजूस करून दांडा वरखाली हलवावयाचा. दट्ट्या वर जाताना त्याच्या खालची पोकळी भांड्यातला मैला ओढून घेते, आणि तो खाली येताना तोच मैला बाहेरच्या नळीत रेटला जातो; त्याच वेळी दट्ट्याच्या वरच्या पोकळीत समुद्राचे पाणी शिरते आणि पुढच्या खेपेस भांड्यात उतरते. एकाच दांड्याच्या हालचालीत दोन पंप नांदतात. भांडे स्वच्छ झाले म्हणजे खटका ‘सुक्या’ बाजूस करावयाचा. पाणी येणे थांबते, आणि भांडे कोरडे होईतो, व त्यानंतरही मैला नळीच्या चढावरून पार पलीकडे पोहोचेतो, दांडा हलवीत राहावयाचे. पाहुणे चुकतात ते येथेच: भांडे डोळ्यांना स्वच्छ दिसले की दांडा सोडतात, आणि अर्धवट चढलेला मैला निमूटपणे माघारी येतो. शेवटी दोन्ही तोट्या बंद. पंपातून मैला बाहेर पडतो त्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असते; बाहेर जाणाऱ्याला ती वाट देते आणि परत येणाऱ्यापुढे मिटते. समुद्राचे पाणी आणि मूत्र यांच्या संयोगाने नळीत व झडपेवर चुनखडीचा थर बसतो, चोच पुरती मिटेनाशी होते, आणि भांडे आपोआप भरू लागले म्हणजे ती बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

आता या व्यवस्थेतला खरा धोका. भांडे जलपातळीच्या खाली असल्यामुळे, एखादा खटका ‘ओला’ राहिला आणि तोटी उघडी राहिली, तर समुद्र रात्रभर हळूहळू भांड्यात उतरतो, भांडे काठोकाठ भरून वाहू लागते, आणि धक्क्याला बांधलेली धडधाकट नौका सकाळी तळाशी सापडते. यावर उपाय म्हणून नळी कमानीसारखी वळवून जलपातळीच्या बरीच वर नेतात, आणि तीही नौका कितीही कलली तरी कमानीचा माथा पाण्यावरच राहील अशा बेताने. परंतु एवढ्याने भागत नाही, कारण नळी एकदा पाण्याने भरली की ती वक्रनलिका होते, आणि वक्रनलिकेला चढ ओलांडण्यासाठी पंपाची गरज नसते. म्हणून कमानीच्या अगदी माथ्यावर हवा आत घेणारी एक चिमुकली झडप बसवितात. पंप थांबताच हवा शिरते, पाण्याची धार तुटते आणि समुद्र आपल्या जागी राहतो. पाणी आत आणणाऱ्या नळीची ही कमान पंप आणि भांडे यांच्या मध्ये हवी; ती पंपाच्या अलीकडे, तोटीकडच्या बाजूस बसविली तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढीत बसतो. गवंडीकामात वीट तिरपी बसली तर दिसते. येथली चूक नळ्यांच्या जंजाळात झाकून राहते.

समुद्र आत येण्याचे भय किती खरे आहे याचे सर्वांत विदारक उदाहरण क्रीडानौकेचे नाही, युद्धनौकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांच्या यू-1206 या पाणबुडीवर असे शौचकूप होते, की पाणबुडी खोल पाण्यात असतानाही त्यातून मैला बाहेर फेकता यावा. यासाठी झडपा उघडण्यामिटण्याचा क्रम इतका किचकट होता, की तो शिकलेला माणूस वेगळा नेमावा लागे. 14 एप्रिल 1945 रोजी, स्कॉटलंडच्या पीटरहेडनजीक, तो क्रम चुकला. समुद्र आत घुसला, खालच्या विद्युत्‌घटांपर्यंत पोहोचला, आणि त्यांतून क्लोरिन वायू निघू लागला. पाणबुडीला नाइलाजाने पृष्ठभागावर यावे लागले, तेथे शत्रूच्या विमानांनी तिला गाठले, आणि कप्तान श्लिट याने ती सोडून देण्याचा हुकूम दिला. झडप कोणी चुकीची फिरविली याविषयी निरनिराळ्या हकिकती आहेत. खुद्द कप्तानावरही बोट दाखविले गेले, आणि त्याने ते नाकारले.

पहिला खंड येथे संपतो असे मानावयास हरकत नाही. या साऱ्या काळात बाहेर पडलेल्या मैल्याचे पुढे काय होते हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारला नव्हता. समुद्र अथांग आहे एवढे उत्तर पुरेसे वाटे. युद्धोत्तर अमेरिकेत क्रीडानौका सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या, सुटीच्या दिवशी आडोशाच्या लहान खाड्यांत त्यांची दाटी होऊ लागली, आणि हे उत्तर अपुरे पडले. 1972 च्या जलशुद्धीविषयक संघीय कायद्याने नौकांच्या शौचकूपांना प्रथमच सक्त चौकटीत आणले, आणि 30 जानेवारी 1980 पासून, कायमचे शौचकूप असलेल्या जुन्या नौकांनाही सूट उरली नाही. कायद्याने तीन वर्ग केले. पहिल्या वर्गाचे यंत्र मैल्याचे बारीक चूर्ण करून त्यातील जंतू मारते, आणि शंभर मिलिलिटरमागे आतड्यातील जंतूंची संख्या 1000 च्या वर जाऊ देत नाही. दुसऱ्या वर्गासाठी ही मर्यादा 200 ची आहे. आणि तिसरा वर्ग म्हणजे निव्वळ टाकी, जी काहीच बाहेर सोडत नाही. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास मनाई झाली, आणि काही जलाशयांत तर प्रक्रिया केलेलाही नको असा दंडक निघाला. तेथे मैला टाकीकडे की समुद्राकडे हे ठरविणारी तिकाटण्याची झडप टाकीच्या बाजूस वळवून कुलूपबंद करावी लागते किंवा तिचा दांडाच काढून ठेवावा लागतो, जेणेकरून तपासणीस आलेल्या अंमलदाराची एका दृष्टिक्षेपात खात्री पटावी.

नौकामालकांनी पुष्कळ कांगावा केला. शहरे नद्यानद्यांतून मैला ओतीत असता आमच्या चार भांड्यांवरच हा जुलूम का, हा त्यांचा सवाल अगदीच वावगा नव्हता. परंतु ते एक गोष्ट विसरत होते: त्यांच्या नौका नांगरल्या जात त्याच उथळ, बंदिस्त खाड्यांत शिंपले आणि कालवे वाढत, आणि हे प्राणी पाणी गाळूनच जगत असल्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्यामार्फत थेट जेवणाच्या ताटात पोहोचत. टाकी रिकामी करावयाची कोठे, हा त्यांचा दुसरा सवाल मात्र बिनतोड होता, आणि त्याचे उत्तर द्यायला सरकारला वीस वर्षे लागली. 1992 च्या कायद्याने धक्क्याधक्क्यांवर मैला शोषून घेणारे पंप बसविण्यासाठी अनुदान मिळू लागले. 1998 मध्ये ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने आपल्या साऱ्या जलक्षेत्रात नौकांचा मैला वर्ज्य केला.

टाकी आली आणि तिच्याबरोबर एक नवाच उपद्रव आला. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते. बंद टाकीत हवा नसली म्हणजे काही जीवाणू या सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि सडक्या अंड्याचा तो वास साध्या रबरी नळीच्या भिंतीतूनदेखील झिरपून केबिनीत पसरतो. अत्तरे आणि औषधे ओतून तो झाकण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. हवा खेळविणारी नळी रुंद आणि शक्य तितकी सरळ ठेवली, आणि भांडे धुण्यासाठी समुद्राऐवजी गोडे पाणी वापरले, म्हणजे निम्मे दुखणे संपते. हेच खारे पाणी काही यंत्रांनी उलट उपयोगात आणले: त्यातूनच विद्युत्‌प्रवाह सोडून, मिठातल्या क्लोराइडपासून जंतुनाशक हायपोक्लोरस आम्ल जागच्या जागी निर्माण करावयाचे. मात्र असे यंत्र नौकेच्या विद्युत्‌घटांवर भलताच भार टाकते.

अमेरिकेबाहेरही निर्बंध आले. स्वीडनने 1 एप्रिल 2015 पासून क्रीडानौकांना आपल्या सागरी हद्दीत आणि सरोवरांत मैला सोडण्यास सरसकट बंदी केली. जहाजांच्या मैल्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2003 पासून अंमलात आहे, आणि प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडेच, तोही चालत्या जहाजातून, सोडावा असे तो सांगतो. परंतु त्याची हुकमत आंतरराष्ट्रीय सफरीवरील 400 टन आणि त्यावरील जहाजांवर, किंवा पंधराहून अधिक माणसे नेण्याचा परवाना असलेल्यांवर चालते. मांडवीच्या मुखाशी किंवा मुंबईच्या बंदरात नांगरलेली चार-सहा माणसांची खाजगी नौका त्या करारात बसत नाही. म्हणून, कायद्याच्या सक्तीची वाट न पाहता, गोव्यात किंवा कोकणात जे कोणी नवी क्रीडानौका बांधवून घेत असतील त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की टाकीची जागा तळ उघडा आहे तोवरच राखून ठेवा आणि तिच्या नळ्यांचा नकाशा कारागिराकडून लिहून घ्या. एकदा बाके आणि कपाटे बसली की ती जागा पुन्हा मिळत नाही.