आत्याबाई, मामंजी आणि बहिणीचा वाटा

आज हप्ते, व्याज, बँकेची पासबुकं बाजूला ठेवूया. आज आपल्या तोंडातल्या दोन शब्दांचा इतिहास बघायचा आहे.

आपल्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामंजी. नव्या सुना आता आई-पप्पा म्हणू लागल्या, पण गटात पन्नाशीच्या पुढच्या बायका अजून 'आमच्या आत्याबाई' असंच बोलतात. आता विचार करा. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. सासू तर दुसऱ्या गावची, दुसऱ्या आडनावाची. मग ती आत्या कशी झाली?

कारण एके काळी ती खरोखरच आत्या असायची. मराठा-कुणबी आणि इतरही अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानत. म्हणजे मुलगी लग्न होऊन जायची ती वडिलांच्या बहिणीच्या घरी. तिथं सासू आत्या आणि सासरा आत्याचा नवरा. आत्याच्या नवऱ्याला आपण काय म्हणतो? मामा. त्याचंच झालं मामंजी. पुढं लग्नं नात्याबाहेर होऊ लागली, पण हाक तीच राहिली. उलटं लग्न, म्हणजे आत्याची मुलगी मामाच्या मुलाला, बहुतेक घराण्यांत चालत नसे.

हा विषय अभ्यासणाऱ्या मोठ्या बाई म्हणजे इरावती कर्वे. जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शिकवलं आणि 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा आहे, हे त्यांनी नात्यांच्या शब्दांवरून आणि लग्नाच्या रीतींवरून दाखवलं. उत्तरेत बुआ वेगळी, सास वेगळी; इतक्या जवळच्या नात्यात लग्नाचा विचारच नाही. दक्षिणेत मात्र दोघी एकच. गडहिंग्लजकडच्या कानडी बोलणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको. कानडीत आत्यालाही 'अत्ते' आणि सासूलाही 'अत्ते'. मामाही 'माव' आणि सासराही 'माव'. आपले अक्का आणि अण्णा हे शब्दही कानडीतही तसेच आहेत.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या कोल्हापूरच्या गादीचंच आहे. ही गादी उभी करणाऱ्या महाराणी ताराबाई या तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक. हंबीररावांची बहीण सोयराबाई, शिवाजी महाराजांची राणी. सोयराबाईंचा मुलगा राजाराम. ताराबाईंचं लग्न झालं ते याच राजाराम महाराजांशी, म्हणजे आपल्या आतेभावाशी. नात्यानं सोयराबाई त्यांच्या आत्याही आणि सासूही.

पण नातं असलं म्हणजे माणसं एका बाजूला उभी राहतात असं नाही. 1680 साली शिवाजी महाराज गेल्यावर रायगडावर काही कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. थोरले संभाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर होते. सरसेनापती हंबीरराव राजारामांचे मामा. सगळ्यांना वाटलं असणार, मामा भाच्याची बाजू घेईल. हंबीररावांनी साथ दिली ती संभाजी महाराजांना. आणि त्यांची लेक दिली गेली ती त्याच भाच्याला. मला तर हे वाचताना आपल्या गावातली भावकी आठवते.

पुढं 1700 साली राजाराम महाराज गेले आणि पंचविशीतल्या ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. 1710 साली पन्हाळ्यावर त्यांनी आपल्या मुलाची वेगळी गादी मांडली. 1714 साली ती उलथवली कुणी, तर त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी, आपल्या मुलासाठी. तिथंही प्रश्न वारसाचाच होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. लग्नात नवरा-नवरी घरात शिरताना नवऱ्याची बहीण दार अडवते, ठाऊक आहे ना? आज ती पैसे मागते, साडी मागते, हसणं-खिदळणं होतं. जुनी मागणी वेगळी होती: 'तुला मुलगी झाली तर माझ्या मुलाला देशील का?' भाऊ हो म्हणाला की वाट मोकळी. मला वाटतं, ही नुसती गंमत नव्हती. बहिणीला वडिलांच्या जमिनीत वाटा नव्हता. घर भावाचं, शेत भावाचं. मग तिचा म्हणून एकच हक्क उरायचा, भावाच्या लेकीवर. त्या हक्कानं माहेरची वाट चालू राहायची. यात त्या लेकीला कुणी विचारत नव्हतं, हेही खरंच.

सगळीकडे असंच असतं असं नाही. समुद्रापलीकडं इंडोनेशियात जावा बेट आहे. तिथं मामा-काका असा आईकडचा-वडिलांकडचा भेद शब्दात नाही. आई-वडिलांपेक्षा मोठा असेल तर 'पाकडे', लहान असेल तर 'पाकलिक', मग तो कुणाकडचाही असो. आणि तिथं मुलींनाही जमिनीत वाटा देण्याची रीत जुनी आहे.

मामाच्या मुलीची रीत आता मागं पडते आहे, आणि पडू दे. आजी-आजोबा एकच असले की दोघांकडचा लपलेला आजार मुलात उतरण्याचा धोका वाढतो. पण बहिणीचा हक्क मागं पडलेला नाही. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं त्याही आत आल्या. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा हक्क जन्मानं आहे. 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही.

आपल्याकडं होतं काय? वडील गेले की वारस नोंदीत बहिणींची नावं लागतात आणि थोड्या दिवसांनी हक्कसोडपत्राचा कागद पुढं येतो. दिवाळीची साडी, पंचमीचं माहेर डोळ्यापुढं येतं आणि सही होते. सोडायचं की ठेवायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण तो कागद दुय्यम निबंधकाकडं नोंदला गेला की मागं फिरवणं फार अवघड असतं. म्हणून सहीच्या आधी सातबारा काढा, फेरफार बघा, कागद घरी आणून गटात कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, आपलं नाव बरोबर आहे का आणि बदल्यात काही मिळणार असेल तर ते त्यात लिहिलं आहे का, एवढं आधी बघा.