चार्की : हाडासकट की हाडाशिवाय?

इंग्रजीत मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्यांना 'जर्की' म्हणतात. 'जर्क' म्हणजे हिसका, हा अर्थ माहीत असल्यामुळे हिसडून, ओढून तोडावे लागणारे चिवट मांस ते जर्की, असा समज सहज होतो. समज सोयीचा असला तरी चुकीचा आहे. हिसका या अर्थाचा 'जर्क' इंग्रजीत वेगळ्या वाटेने आलेला आहे. मांसवाचक शब्द आला तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात बोलल्या जाणाऱ्या केचुआ भाषेतून. मूळ शब्द 'चार्की'. स्पॅनिश लोकांनी तो उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. व्हर्जिनियातील वसाहतीचा कॅप्टन जॉन स्मिथ याच्या १६१२ सालच्या लेखनात वेस्ट इंडीजमधील अशा सुक्या गोमांसाचा उल्लेख आहे. म्हणजे पिझारोने इंका सम्राटाला कैद केले त्या १५३२ सालानंतर ८० वर्षांत हा शब्द समुद्र ओलांडून इंग्रजीत शिरला होता.

उच्चाराबद्दल थोडे सांगायला हवे. कुस्को आणि बोलिव्हियाकडील केचुआत आपल्या च आणि छ यांसारखे दोन ध्वनी आहेतच. शिवाय घशातील श्वासमार्ग क्षणभर बंद करून फटकन सोडलेला तिसरा 'च'ही आहे. चार्कीची सुरुवात या तिसऱ्या 'च'ने होते. स्पॅनिश कानांना हा फरक जाणवला नाही आणि आपल्या लिपीतही त्यासाठी अक्षर नाही.

शब्दकोशात चार्कीचा अर्थ 'सुकवलेले मांस' एवढाच सापडतो. प्रत्यक्षात ते करायचे कसे? ताज्या मांसात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. जिवाणूंची वाढ मात्र पाणी किती आहे यापेक्षा त्यातील किती पाणी त्यांना वापरता येते यावर ठरते. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली स्टॅफिलोकॉकस जिवाणूवरील प्रयोगांतून ही गोष्ट स्पष्ट केली. या उपलब्ध पाण्याच्या मापाला आपण जलक्रियता म्हणू. शुद्ध पाण्याची जलक्रियता १, ताज्या मांसाची ०.९९ च्या आसपास. ती ०.९० च्या खाली गेली की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. स्टॅफिलोकॉकस चिवट असल्यामुळे ०.८६ पर्यंत तग धरतो. ०.६० च्या खाली बुरशीचीही वाढ होत नाही. मीठ लावल्याने पाणी बाहेर खेचले जाते आणि उरलेले पाणीही मिठाशी गुंतून पडते. म्हणून खारवणे आणि सुकवणे ही जोडी जगभर आढळते. आपल्या कोकणात वलांडीवर टांगलेले बोंबील असोत की मराठवाड्यातील दलित वस्त्यांत दोरीवर वाळणाऱ्या, शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात नोंदवलेल्या चान्या असोत, तत्त्व एकच.

पण मांस कुजण्याआधी सुकले पाहिजे. ही शर्यत सुरी जिंकून देते. तुकड्याच्या गाभ्यातील पाणी पृष्ठभागापर्यंत झिरपत यायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाईवर येतो. शाळेत हे मांसाशिवायही दाखवता येईल : एकाच बटाट्याच्या अर्धा सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या उन्हात ठेवाव्यात, रोज वजन करावे आणि आलेख काढावा. मुलांना 'वर्गाच्या प्रमाणात' या शब्दांचा अर्थ त्यातून चांगला कळेल.

सुरीखेरीज अँडीजमध्ये आणखी एक सोय होती. तेथील चार हजार मीटर उंचीच्या गवताळ पठाराला 'पुना' म्हणतात. लामा आणि अल्पाका हे पाळीव प्राणी येथलेच. वर्षाच्या मध्यास, म्हणजे तेथील हिवाळ्यात, पुनावर रात्री पाणी गोठते, दिवसा प्रखर ऊन असते आणि हवा अतिशय कोरडी. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. रात्री मांसातील पाण्याचे बर्फ होते, त्याच्या स्फटिकांनी पेशींची पातळ आवरणे फाटतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी सहज बाहेर पडते. काही बर्फ तर न वितळता थेट वाफ होऊन जाते. यासाठी निर्वात पंप लागतो असा आपल्याकडे समज आहे. हवेतील बाष्पाचा दाब बर्फाच्या बाष्पदाबापेक्षा कमी असला की पुरते, आणि पुनावर तो कमी असतोच. बटाटा गोठवून, तुडवून, सुकवून केलेला 'चुन्यो' हाही याच हवामानाचा लाभ.

या सोयीमुळे एक गोष्ट घडली जी कारखान्यांच्या आधीच्या जगात क्वचितच दिसते : जाडजूड, हाडासकटचे मांसही सुकवता येऊ लागले. उष्ण प्रदेशात हाडाजवळचे मांस आधी कुजते, म्हणून हाड काढावेच लागते. पुनावर थंडी पहारा देत असल्याने तशी सक्ती नव्हती. म्हणून चार्की या एका शब्दाखाली पातळ पट्ट्याही आल्या आणि हाड असलेले तुकडेही. पुढचा वाद याच ठिकाणी सुरू होतो.

इंका राज्यात चार्कीला मोठे स्थान होते. इंका राजकन्या आणि स्पॅनिश कप्तान यांचा मुलगा गार्सिलासो दे ला वेगा १६०९ च्या आपल्या ग्रंथात सांगतो, की मोठ्या हाक्याच्या शिकारीतील मांस सामान्य लोकांना वाटले जाई आणि ते त्याची चार्की करून ठेवत. रस्त्यांलगतच्या डोंगरउतारांवर सरकारी कोठारांच्या रांगा होत्या. एकट्या उआनुको पांपा येथे सुमारे ५०० कोठारांचे अवशेष आहेत. मका, कंद, कापड यांबरोबर सुके मांसही कोठारांत ठेवले जाई.

वसाहतींच्या काळात शब्द टिकला, पण खाणारा बदलला. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, पेलोतास येथे, १७८० च्या सुमारास गोमांस खारवून सुकवण्याचे मोठे कारखाने निघाले. पोर्तुगीजमध्ये मालाला 'शार्के' म्हणत. येथे थंड पठार नव्हते, त्यामुळे मिठाचा मारा आणि पातळ, हाडाविना तुकडे यांना पर्याय नव्हता. कारखान्यात राबणारे गुलाम आणि माल मुख्यतः जाई तो ब्राझीलच्या मळ्यांतील गुलामांच्या पोटात. रिओ दे ला प्लाता नदीकाठचा असाच माल क्यूबातील मळ्यांकडे जात असे. शार्केवरील करांची तक्रार १८३५ ते १८४५ च्या रिओ ग्रांदे प्रांतातील बंडाच्या कारणांपैकी एक होती. बंड कारखानदारांच्या आणि गुरांच्या मालकांच्या तक्रारीतून उठले. मांस कापणाऱ्यांच्या तक्रारी कोणी विचारल्या नाहीत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १८८८ साली.

आता पुन्हा पेरूकडे वळू. लिखाण नसलेल्या काळात चार्कीचा व्यापार होता का, हे कसे ओळखायचे? मांस तर उरत नाही. १९७९ साली जॉर्ज मिलर या पुरातत्त्वज्ञाने आपल्या प्रबंधात एक कल्पना मांडली. पुनावरचे मेंढपाळ चार्की करून खालच्या खोऱ्यात विकतात तेव्हा जनावराचे डोके आणि पाय वर राहतात, तर मांसल भाग हाडांसह खाली जातात. मग वरच्या वस्तीच्या उकिरड्यात डोक्याची आणि पायांची हाडे जास्त सापडावीत आणि खालच्या वस्तीत ती कमी. याला 'चार्की परिणाम' असे नाव पडले. १९९५ साली मिलर आणि रिचर्ड बर्गर यांनी ही कसोटी चाविन दे उआंतार या प्राचीन तीर्थक्षेत्राला लावली. सुमारे ३,१५० मीटर उंचीवरचे हे ठिकाण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात भरभराटीस आले. नंतरच्या थरांतील लामांच्या हाडांत डोके आणि पाय कमी दिसले. त्यावरून शहरात बाहेरून चार्की येत होती, म्हणजेच पुनावरचे मेंढपाळ आणि हे शहर नियमित देवघेवीने जोडलेले होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निष्कर्ष आकर्षक आहे, पण तो सगळा एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. २००० साली लिदिओ वाल्देस यांनी नेमके तेथेच बोट ठेवले. आयाकूचो भागात लोक ज्याला चार्की म्हणतात त्यात हाड नसते. तसे असेल तर चार्की कितीही आली तरी खोऱ्यातील उकिरड्यात तिचे एकही हाड पडणार नाही, आणि हाडांच्या प्रमाणावरून व्यापार सिद्धही होणार नाही नि खोटाही ठरणार नाही. मिलर आणि बर्गर यांनी त्याच वर्षी उत्तर देऊन आपली बाजू राखली. त्याआधी १९९९ साली पीटर स्टाल यांनी वेगळी शंका घेतली होती. सगळी हाडे सारखी घट्ट नसतात. ठिसूळ हाडे मातीत आधी नष्ट होतात. तेव्हा एखादे हाड सापडले नाही याचा अर्थ ते तेथे आलेच नाही असा घेण्याआधी त्याची घनता मोजली पाहिजे.

मला वाल्देस यांचा आक्षेप अधिक मोलाचा वाटतो. घनता यंत्राने मोजता येते; 'चार्की' म्हणताना पुनावरची बाई कोणता तुकडा डोळ्यांसमोर आणते, हे तिलाच विचारावे लागते, आणि दुसऱ्या गावातील बाई वेगळे उत्तर देऊ शकते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईला तर विचारताच येत नाही. मात्र तिची सुरी काही खुणा ठेवून गेली असेल. हाडावरून मांस सोलून पट्ट्या काढल्या तर हाडाच्या लांबीवर बारीक चरे उमटतात. सांध्याशी तोडून हाडासकट तुकडा सुकवला तर घाव सांध्याजवळ राहतात. भिंगाखाली हे चरे आणि घाव वेगळे ओळखता येतात.