भुलीनंतरची डोकेदुखी (प्रसूतीतील)

सिझेरियनसाठी कमरेत दिलेल्या भुलीनंतर किंवा कळा सुसह्य करणाऱ्या एपिड्युरलनंतर काही बाळंतिणींना होणारा त्रास. मज्जारज्जूभोवतीच्या दृढतानिका या आवरणाला सुईने छिद्र पडते, त्यातून मेंदू-मज्जाद्रव झिरपतो आणि मेंदूचा आधार कमी होतो. आवरणांवर ताण येऊन व रक्तवाहिन्या रुंदावून डोके दुखते, असे मानले जाते.

उठून बसताच कपाळ आणि मान ठणकते, आडवे होताच उतार पडतो, ही या दुखण्याची मुख्य खूण. सुरुवात बहुधा पहिल्या ३ दिवसांत होते. कानांत आवाज येणे, उजेड न सोसणे, क्वचित एकाचे दोन दिसणे ही इतर लक्षणे.

जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये मणक्यातील भूल प्रथम वापरली. स्वतःवर प्रयोग करून घेतल्यावर त्यांना हीच डोकेदुखी जडली. आता ही भूल बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईने देतात, त्यामुळे त्रास बराच घटला आहे. एपिड्युरलची सुई मात्र जाड असते. ती आवरणाबाहेरच थांबायला हवी, पण साधारण शंभरात एकीच्या बाबतीत आत शिरते. अशा निम्म्याहून अधिक स्त्रियांचे डोके दुखते.

आपल्याकडे ऑपरेशननंतर उशी न देता सक्तीने सपाट झोपवून ठेवतात. आडवे राहून बरे वाटते हे खरे, पण डोकेदुखी त्याने टळत नाही. पुरेसे पाणी, पॅरासिटामॉल, गरजेनुसार कॅफीन यांवर बहुतेकींना आठवडा-दोन आठवड्यांत आराम पडतो. बाळाला घेऊन बसताही येत नसेल, तर भूलतज्ज्ञ तिच्याच दंडातले सुमारे २० मिलि रक्त काढून पाठीतील एपिड्युरल पोकळीत सोडतात. ‘ब्लड पॅच’ म्हणून ओळखला जाणारा हा उपाय १९६० मध्ये जेम्स गॉर्मली यांनी मांडला. अनेकदा काही तासांत गुण येतो. कधी तो पुन्हा करावा लागतो.

वारा लागला असे समजून कान-डोके बांधून घरीच दिवस काढणे धोक्याचे आहे. प्रसूतीनंतर वाढलेला रक्तदाब, मेंदूच्या शिरांतील गुठळी आणि मेंदूज्वर यांतही डोके दुखते. आडवे होऊनही दुखणे न थांबणे, ताप, झटके, गुंगी किंवा हातापायांतली शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.